सिमला की जैसलमेर?

आठ जणांनी मिळून सुट्टीला कुठं जायचं हे ठरवणं म्हणजे आठ जणांनी मिळून एकच फंक्शन लिहिण्यासारखं आहे. प्रत्येकाला फक्त दुसऱ्याची ओळ खोडायची असते. आमच्या टीममध्ये गोवा ("कितव्यांदा?"), केरळ ("ते हनिमूनसाठी राखून ठेवलंय") आणि लडाख ("एवढी रजा कोण देणार?") असे पर्याय गळत गेले आणि शेवटी दोनच उरले. सिमला आणि जैसलमेर. डोंगर की वाळवंट. लगेच दोन पार्ट्या पडल्या, एक्सेल शीट उघडली गेली, त्यात खर्च, प्रवासाचे तास, तापमान आणि (अर्थातच) खाणं असे कॉलम पडले. शीट भरायचं काम माझ्याकडे आलं. पुढचे दोन विकांत मी शीट बाजूला ठेवून या दोन गावांबद्दल मिळेल ते वाचत बसलो. जे सापडलं त्यासाठी शीटमध्ये कॉलमच नव्हता, म्हणून इथं लिहितोय.

वरवर पाहिलं तर या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रस्त्यानं हजारेक किलोमीटरचं अंतर. एक सात हजार फुटांवर देवदारांच्या झाडीत, दुसरं थरच्या वाळवंटात. एकाचं वय दोनशे वर्षं, दुसऱ्याचं पावणेनऊशेच्या घरात. पण मंडळी, नीट बघितलं तर सिमल्यात सही झालेल्या एका कागदानं जैसलमेरच्या पोटावर पाय आणला, आणि आज सिमल्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नदीचं पाणी जैसलमेरच्या नळाला येतं. तेही थोडंथोडकं नाही, तिथला किल्ला खचवण्याइतकं.

आधी सिमला घेऊ, कारण त्याची गोष्ट सोपी आहे.

१८१४ ते १८१६ च्या लढाईत इंग्रजांनी गुरख्यांना हरवलं आणि सतलजच्या बाजूचा हा डोंगराळ मुलूख त्यांच्या पंखाखाली आला. तिथल्या हवेत आजारी सोल्जर बरे होतात हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. १८१९ मध्ये लेफ्टनंट रॉस नावाच्या अधिकाऱ्यानं तिथं लाकडी झोपडं बांधलं, १८२२ मध्ये चार्ल्स केनेडीनं पहिलं पक्कं घर. १८२७ च्या उन्हाळ्यात खुद्द गव्हर्नर जनरल अ‍ॅम्हर्स्ट तिथं मुक्कामाला गेला, आणि मग काय, मोठ्या साहेबानं चेक-इन केल्यावर बाकीचे मागं राहतात होय? १८३० मध्ये कंपनीनं केओंथलचा राणा आणि पतियाळाचा महाराजा यांच्याकडून जमिनीची अदलाबदल करून गावासाठी जागा मिळवली. त्या साली तिथं तीसेक घरं होती. १८८१ पर्यंत ती अकराशेच्या वर गेली.

(आपल्या महाबळेश्वरची गोष्ट हुबेहूब अशीच आहे. गव्हर्नर माल्कमनं १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाईजवळचं खंडाळा देऊन बदल्यात महाबळेश्वर घेतलं. एकाच वर्षाच्या अंतरानं, तेच टेम्प्लेट. 'थंड हवेचं ठिकाण' हा आपला शब्द किती नेमका आहे बघा. गाव नाही, शहर नाही, नुसतं ठिकाण. हवा हेच त्याचं काम.)

१८६४ पासून सिमला ही अधिकृत उन्हाळी राजधानी झाली. म्हणजे दरवर्षी उन्हाळा लागला की व्हाइसरॉय, त्याचं कौन्सिल, सेक्रेटरी, कारकून आणि फायलींचे पेटारे असं अख्खं सरकार कलकत्त्याहून उचलायचं, दीड हजार किलोमीटरहून दूर डोंगरावर न्यायचं, आणि थंडी पडायला लागली की परत खाली. एडनपासून ब्रह्मदेशापर्यंतचा कारभार वर्षातले कित्येक महिने एका डोंगराच्या कण्यावरून चालायचा. जगातली सगळ्यात लांबलेली ऑफसाइट मीटिंग म्हणा. १८८८ मध्ये विजेच्या दिव्यांसकट व्हाइसरॉयचा टोलेजंग बंगला तयार झाला. आता तिथं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी आहे. १९०३ मध्ये कालका-सिमला गाडी सुरू झाली. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे, आठशेच्या वर पूल, २००८ पासून जागतिक वारसा. तिच्याबद्दल सगळीकडे इतकं लिहिलेलं आहे की मी थांबतो.

पण गाडी येण्याआधी हे पेटारे, पियानो, बिलियर्डची टेबलं आणि मडमा वर कशा पोचत होत्या? माणसांच्या खांद्यावरून. आसपासच्या डोंगरी संस्थानांतल्या शेतकऱ्यांवर वेठबिगार लादलेली होती. साहेबाचा दौरा निघाला की शेतातली कामं टाकून ओझी वाहायला जायचं, मजुरी नावापुरती किंवा तीही नाही. गाडी आल्यावरही पुढच्या डोंगरांत हे चालूच होतं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये कोटगढ भागात जोरदार चळवळ झाली. तिचा पुढारी होता सॅम्युअल स्टोक्स नावाचा फिलाडेल्फियाहून आलेला अमेरिकन माणूस. तो पुढे सत्यानंद स्टोक्स झाला. हिमाचलमध्ये सफरचंदांच्या बागा रुजवण्याचं श्रेयही त्यालाच देतात. पुढच्या वेळी बाजारात 'सिमला सफरचंद' दिसलं तर हा गडी आठवा.

आता जैसलमेर. हे गाव कुणी सुट्टीसाठी वसवलेलं नाही. भाटी राजपुतांची आधीची राजधानी होती लोदुर्वा, पंधराएक किलोमीटरवर. ती उघड्यावर होती, शत्रूच्या सहज तावडीत सापडणारी. म्हणून रावल जैसलनं ११५६ मध्ये त्रिकूट नावाच्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. अडीचशे फूट उंचीची टेकडी, तिच्यावर पिवळ्या वालुकाश्माच्या भिंती आणि पुढे वाढत वाढत झालेले ९९ बुरूज. आपल्याकडचे किल्ले ओस पडले. हा आजही नांदता आहे. आत तीनेक हजार माणसं राहतात, दुकानं आहेत, जैन मंदिरं आहेत, त्यांच्या तळघरात ताडपत्रांवरच्या पोथ्यांचं जुनं भांडार आहे.

पण खायचं काय? वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस. आपल्याकडे जुलैत एका दिवसात तेवढा पडून जातो. उत्तर आहे उंट. हिंदुस्थानातून सिंधकडे, आणि तिथून इराण-अरबस्तानकडे जाणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर जैसलमेर बसलेलं होतं. रेशीम, नीळ, सुका मेवा, आणि शेवटच्या काळात अफू. तांडा मुक्कामाला थांबला की जकात द्यायची, पाणी घ्यायचं, सावकाराकडून हुंडी वटवायची. आजच्या भाषेत सांगायचं तर जैसलमेर स्वतः काहीच बनवत नव्हतं, ते राउटर होतं. आणि चांगला पैसा कमावणारं राउटर.

अफूची भानगड जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या अंगणातून जाते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला उत्तम अफू पिकत होती माळव्यात, म्हणजे बरीचशी शिंदे-होळकरांच्या मुलखात. ती चीनला पोचली की पैसाच पैसा. कंपनीची इच्छा अशी की ही अफू मुंबईवरूनच जावी, म्हणजे पासाचा कर घेता येईल. व्यापाऱ्यांची इच्छा अर्थातच उलटी. मग त्यांनी लांबचा रस्ता धरला: माळव्यातून पाली, पालीहून जैसलमेर, वाळवंट ओलांडून कराची, कराचीहून गलबतानं पोर्तुगिजांचं दमण, आणि दमणहून चीन. नकाशावर बोट फिरवून बघा. केवढा हा वळसा! तरी परवडत होता, कारण सिंधमध्ये तालपूर मीरांचं राज्य होतं आणि तिथं कंपनीचा हुकूम चालत नव्हता.

याच काळात जैसलमेरमध्ये पटव्यांची हवेली उभी राहत होती. गुमानचंद बाफना आणि त्यांचे पाच मुलगे. त्या पाच मुलांसाठी शेजारी शेजारी पाच हवेल्या. जर-कलाबूत, सावकारी, अफू असा कारभार. दगडात इतकं बारीक कोरीव काम की ते दगडाचं आहे हे हात लावल्याशिवाय पटत नाही. बांधकाम पन्नासएक वर्षं चाललं. सुरुवात झाली तेव्हा व्यापार फुलात होता, आणि शेवटचे झरोके कोरून होईपर्यंत गिऱ्हाइकांनी वाटच बदलली होती.

का बदलली? इथं सिमला येतं.

१ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर जनरल ऑकलंडनं सिमल्याहून एक जाहीरनामा काढला. इतिहासात तो 'सिमला मॅनिफेस्टो' म्हणून प्रसिद्ध आहे. काबूलच्या दोस्त मोहम्मदला गादीवरून काढून तिथं शाह शुजाला बसवायचं, असा त्याचा मतितार्थ. रशियाचा बागुलबुवा होताच. ऑकलंडचं कौन्सिल तेव्हा खाली कलकत्त्यात होतं आणि साहेब वर डोंगरावर, सोबतीला मूठभर सल्लागार. थंड हवेत, देवदारांच्या सावलीत, नकाशावर बोट ठेवून लढाई ठरवणं फार सोपं वाटत असणार. त्या लढाईचं काय झालं ते माहीतच आहे. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघारी निघालेल्या, बाजारबुणगे धरून सोळा हजारांच्या जथ्याची डोंगरांत कत्तल झाली.

त्या धामधुमीत एक गोष्ट बाजूला राहून जाते. अफगाणिस्तानवर चालून जायला सिंधमधून रस्ता हवा होता. म्हणून फेब्रुवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या तुकडीनं कराची घेतली. अफगाणिस्तान हातचं गेलं, कराची मात्र राहिली. १८४३ मध्ये चार्ल्स नेपियरनं मीरांना हरवून सगळा सिंधच खालसा केला. झालं! जैसलमेरच्या पलीकडचं दार बंद. आता अफूला मुंबईशिवाय वाटच उरली नाही. कंपनीनं ते बरोबर ओळखलं. पेटीमागं १२५ रुपये असलेला पासाचा कर १८४३ मध्ये २०० केला, आणि १८४७ पर्यंत ४०० वर नेला. मक्तेदारी आली की दर वाढतात, हे आपल्याला मोबाइल रिचार्जमुळे ठाऊक आहेच.

सगळं खापर सिमल्यावर फोडता येणार नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढे लोहमार्ग वाढत गेले, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, आणि मुंबई बंदरानं पश्चिम हिंदुस्थानचा सगळा माल आपल्याकडे ओढून घेतला. उंटांचे तांडे तसेही फार टिकले नसते. पण पहिला घाव सिंधच्या बाजूनं बसला आणि त्याची सुरुवात त्या डोंगरावरच्या कागदात आहे, असं माझं मत. शेटमंडळी एकेक करून निघाली. गुमानचंदांच्या मुलांपैकी जोरावरमल यांनी इंदूर-उदयपूरकडे बस्तान बसवलं. त्यांच्याच घराण्यातले सर सिरेमल बापना पुढे होळकरांच्या इंदूर संस्थानचे पंतप्रधान झाले. जैसलमेरमध्ये राहिल्या त्या हवेल्या. त्या जशाच्या तशा उरल्या याचं एक कारण मला असं वाटतं, की त्या पाडून नवं काही बांधण्याइतका पैसाच गावात उरला नाही. आपण फोटो काढतो तो या मंदीचा.

१९४७ मध्ये उरलीसुरली वाटही गेली. सिंध परक्या देशात गेला आणि जैसलमेर हे रस्त्याचं शेवटचं टोक झालं. त्यातून ते बाहेर आलं ते लष्करामुळे. १९६५ च्या युद्धानंतर या भागात रस्ते झाले, त्या दशकाच्या शेवटी रेल्वे जैसलमेरपर्यंत पोचली. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाची लढाई झाली ती याच जिल्ह्यात. मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची पंजाब रेजिमेंटची एक कंपनी, समोर रणगाडे, आणि सकाळ होताच जैसलमेरच्या धावपट्टीवरून उडालेली हंटर विमानं. 'बॉर्डर' सगळ्यांनी पाहिलाय, अधिक सांगत नाही. पण त्या युद्धाचा हिशेब कुठं मिटला? २ जुलै १९७२ ला, सिमल्यात. इंदिरा गांधी आणि भुत्तो यांच्या त्या करारानंतर सिंधच्या वाळवंटात आपल्या फौजांनी घेतलेला हजारो चौरस किलोमीटरचा मुलूख परत केला गेला. वाळवंटाच्या नशिबाचा कागद पुन्हा एकदा डोंगरावर.

आणि मग आला सत्यजित राय. त्यांचा 'सोनार केल्ला' १९७४ च्या डिसेंबरमध्ये पडद्यावर आला. (त्याच वर्षी मे महिन्यात याच जिल्ह्यात पोखरणचा पहिला अणुस्फोट झाला होता. प्रसिद्धी दोघांनीही मिळवून दिली, पर्यटक मात्र रायबाबूंनी.) आमच्या टीममधल्या बंगाली सहकाऱ्यानं जैसलमेरला मत दिलं त्यामागं खर्च, तापमान वगैरे काही नव्हतं. "फेलूदा तिथं गेला होता" एवढं एकच कारण. एका लहान मुलांच्या सिनेमानं अख्ख्या प्रांताला एका गावाची चटक लावावी, याचं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं होतं, झाला लेख. पण खरा मसाला पाण्यात आहे.

अनुपम मिश्र यांचं 'राजस्थान की रजत बूँदें' हे हिंदी पुस्तक (१९९५) मिळालं तर जरूर वाचा. वाळवंटातली माणसं पाण्याचे तीन प्रकार करतात हे त्यातून कळलं. पालर पाणी म्हणजे थेट पावसाचं, तळ्यात-टाक्यात साठलेलं. पाताळ पाणी म्हणजे खोल भूजल, जे इथं बहुतेक खारं. आणि रेजाणी पाणी म्हणजे वाळूत मुरलेलं, पण खाली जिप्समचा थर असल्यामुळे खाऱ्या पाण्यात न मिसळता अडकून राहिलेला ओलावा. तो ओलावा थेंबथेंब गोळा करायला एक माणूस कसाबसा मावेल इतकी अरुंद विहीर खणायची. दिवसाला दोन-तीन घडे पाणी. बस. त्यावर गावं जगली. पालीवाल ब्राह्मणांनी खडीन नावाची पद्धत वापरली: उतारावर बांध घालून पावसाचं पाणी शेतातच अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. जैसलमेरमध्ये गहू! ज्या कुलधरा गावाच्या भुतांच्या गोष्टी टीव्हीवर दाखवतात ते याच पालीवालांचं. दिवाण सालमसिंगाच्या जाचानं एका रात्रीत गाव सोडल्याची कथा सांगतात. हळूहळू आटत गेलेलं पाणी हेही कारण सांगितलं जातं. मला दुसरं जास्त पटतं. भुतं नसली तरी ते पुरेसं भयानक आहे.

शहरासाठी होतं गडीसर तळं, १४व्या शतकात रावल गडसीनं खोदवलेलं. तिथून घडे भरून किल्ल्यावर न्यायचे. डोक्यावरून चढवलेलं पाणी कुणी सांडत नाही. त्यामुळे किल्ल्यात मुरायला पाणी नव्हतंच. अचानक कोसळणारा पाऊस बाहेर काढायला 'घूट नाली' नावाची चोख व्यवस्था होती. किल्ला ज्या टेकडीवर आहे तिच्यात मऊ, भुसभुशीत थर आहेत. कोरड्यात ते शेकडो वर्षं भक्कम राहिले.

मग आला नळ. आणि मग आलो आपण. किल्ल्यातल्या घरांची गेस्ट हाउस झाली, प्रत्येक खोलीला शॉवर, फ्लश, छतावर टाकी. जी यंत्रणा माणशी दोन घड्यांसाठी बनली होती तिच्यावर हॉटेलांचा लोड आला. गळतीचं पाणी टेकडीत मुरायला लागलं, मऊ थर भिजून सरकायला लागले. १९९० च्या दशकात आणि त्यानंतर काही बुरूज पडले, राणी महालाचा भाग ढासळला. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या किल्ल्याचं नाव घातलं. २०१३ मध्ये तो जागतिक वारसा झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये जोराच्या पावसात तटाच्या भिंतीचा एक भाग पुन्हा कोसळला. पावणेनऊशे वर्षांत ज्याला वेढे पाडू शकले नाहीत त्याला आपल्या आंघोळी पाडताहेत.

आता डोंगरावर चला. सिमल्याला पाऊस भरपूर, थंडीत बर्फ. तरी मे २०१८ च्या शेवटी तिथले नळ कोरडे पडले. शहराला रोज साधारण सव्वाचार-साडेचार कोटी लिटर पाणी लागतं, आणि येत होतं त्याच्या निम्मं. काही भागांत आठ-आठ दिवस पाणी नाही. उच्च न्यायालयानं आठवडाभर बांधकामं आणि गाड्या धुणं बंद केलं, बड्या लोकांच्या घरी जाणारे टँकर थांबवले. शाळांना सुट्टी दिली गेली, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलला. आणि स्थानिक माणसांनी पर्यटकांना चक्क हात जोडले, येऊ नका म्हणून. सुट्टीसाठीच वसवलेल्या गावानं पाहुण्यांना नको म्हणावं!

कारण भूगोलात आहे. सिमला डोंगराच्या कण्यावर आहे. रिजवर पडलेल्या पावसाचा एका बाजूचा थेंब सतलजमार्गे अरबी समुद्राकडे, दुसऱ्या बाजूचा यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे. थांबायला जागाच नाही. इंग्रजांना हे कळत होतं. त्यांनी शहराच्या पूर्वेचं सिओगचं जंगल पाण्यासाठी राखून ठेवलं, १८७५ पासून तिथलं पाणी उतारानं शहरात आणलं, आणि १८८० च्या सुमारास रिजच्या पोटात दहा लाख गॅलनची टाकी बांधली. ती अजून वापरात आहे. रिजवर मक्याचं कणीस खात सेल्फी काढणारं पब्लिक त्या टाकीच्या छतावर उभं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण हे सगळं काही हजार माणसांच्या हिशेबानं. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, आणि सीझनला त्यावर पर्यटक वेगळे. जास्तीचं पाणी खालच्या नद्या-ओढ्यांतून हजार मीटरहून जास्त उंच पंपानं चढवावं लागतं. त्यातला अश्वनी खड्डचा स्रोत २०१५-१६ मध्ये सांडपाणी मिसळून दूषित झाला, काविळीची साथ आली आणि तिथला उपसा थांबवावा लागला. म्हणजे २०१८ चं संकट एका कोरड्या हिवाळ्याचं नव्हतं. कपॅसिटी प्लॅनिंग दीडशे वर्षांपूर्वीचं आणि ट्रॅफिक आजचं, हा प्रकार तुम्ही-आम्ही हापिसात रोज बघतो; फरक एवढाच की तिथं सर्व्हर रिस्टार्ट करता येत नाही.

आणि सतलज? ती सिमल्याच्या उत्तरेला, शहरापेक्षा दीड हजार मीटर खाली वाहते. सिमलेकरांना कड्यावरून दिसावी इतकी जवळ, आणि उचलायला महाग. तिथून ती भाक्राच्या धरणात जाते, पुढे पंजाबात हरिकेला बियासला मिळते. हरिकेहून निघतो राजस्थान कालवा. ३१ मार्च १९५८ ला त्याची कोनशिला बसली, पुढे त्याला इंदिरा गांधींचं नाव दिलं गेलं. साडेसहाशे किलोमीटरच्या या कालव्याचं पाणी १९८७ च्या १ जानेवारीला जैसलमेर जिल्ह्यात मोहनगढला पोचलं. आज किल्ल्यातल्या शॉवरला येतं ते हे पाणी. गडीसरही गरज पडली की यानंच भरतात. सिमल्याला खालून वर चढवणं महाग पडतं ते पाणी उतारानं वाळवंटात जातं, आणि तिथं किल्ल्याच्या पायात मुरतं.

आम्ही शेवटी जैसलमेर ठरवलं, डिसेंबरमध्ये. मुक्काम किल्ल्याच्या बाहेर. यावर बराच वाद झाला, "किल्ल्यात राहण्याची मजा वेगळीच" वगैरे. असणारच. पण ज्या खोलीचं सांडपाणी बुरुजाखाली जातंय तिथं झरोक्यातून सूर्योदय बघायची मला तरी इच्छा नाही. सिमल्याला जायचं तर मे-जूनची गर्दी टाळून, पावसाळा ओसरल्यावर. भर पावसात नको. १४ ऑगस्ट २०२३ ला समरहिलचं शिवमंदिर दरडीखाली गेलं आणि वीस माणसं गेली.

बियासची गोष्ट मात्र सांगायची राहिली. कालव्याला बारमाही पाणी हवं म्हणून हिमाचलमध्येच, कांगडा जिल्ह्यात, बियासवर पोंग धरण बांधलं गेलं. १९७४ मध्ये ते पुरं झालं. हलदून खोऱ्यातली उत्तम भातशेती पाण्याखाली गेली, वीस हजारांवर कुटुंबं उठली. त्यांतल्या सोळा हजारांहून अधिक कुटुंबांना राजस्थानात, त्याच कालव्याच्या पाण्यावर, जमीन द्यायचं ठरलं. म्हणजे डोंगरातल्या, झऱ्याकाठच्या माणसांनी वाळवंटात जायचं. आधी श्रीगंगानगर जिल्ह्यात जमिनी नेमून दिल्या. अनेकांच्या जमिनी दुसऱ्यांनी बळकावल्या, अनेकांची वाटपं अटींवर बोट ठेवून रद्द झाली, कित्येक जण तो उन्हाळा न सोसून परत आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९९६ मध्ये उच्चाधिकार समिती नेमली गेली. त्यानंतर ज्या पर्यायी जमिनी देऊ केल्या त्या आणखी पश्चिमेला, जैसलमेर जिल्ह्यात, सीमेजवळ: नाचना, मोहनगढ, रामगढ. तिथं रस्ता नाही, वीज नाही, पाणी पोचत नाही, अशा तक्रारी घेऊन ही माणसं पुन्हा पुन्हा सिमल्याच्या सरकारी कचेऱ्यांत खेटे घालत राहिली. कांगड्यात जन्मलेली पिढी म्हातारी झाली, दावे मुलांच्या नावावर आले.

जैसलमेरहून तनोट आणि लोंगेवाला बघायला निघणाऱ्या टॅक्सीचा नेहमीचा रस्ता या रामगढवरूनच जातो.